उजेड ओसरताना

दिवेलागणीच्या आधीची ती थोडकी मिनिटं अजून माझ्या अंगावर रेंगाळतात. पश्चिमेच्या खिडकीशी इंग्रजी कवितांचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसावं, आणि उजेड आधी खोलीच्या कोपऱ्यांतून, मग कपाटाच्या काचेवरून, शेवटी पानावरच्या ओळींमधून हलके हलके ओसरत जावा. अक्षरं पुसट व्हावीत, तरी दिव्याच्या बटणाकडे हात जाऊ नये. त्या वेळेसाठी इंग्रजीत एक क्रियापद आहे, ‘डार्कल’. काळोखत जाणं, झाकोळून येणं. रोजच्या बोलण्यात ते ऐकू येत नाही. भेटलंच तर कवितेत भेटतं.

त्याच्या पाठीशी एक फार जुना शब्द उभा आहे, ‘डार्कलिंग’. म्हणजे काळोखात, काळोखात असताना. मिल्टनची दृष्टी 1652पर्यंत पुरती गेली होती. 1667 साली आलेल्या ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या तिसऱ्या सर्गात तो प्रकाशाला आळवतो, आणि तिथेच अंधारात गाणाऱ्या पक्ष्यासाठी हा शब्द योजतो. स्वतःची जागाच त्याने त्या पक्ष्याला दिली, असं मला नेहमी वाटतं. 1819च्या वसंतात नाइटिंगेलवर लिहिताना कीट्सनेही तोच शब्द घेतला. पण आता अंधारात होता तो ऐकणारा. त्याचा मित्र ब्राऊन सांगतो, की न्याहारीच्या टेबलापासची खुर्ची उचलून कीट्स हॅम्पस्टेडच्या बागेत प्लमच्या झाडाखाली दोन-तीन तास बसला होता. म्हणजे ती सगळी रात्र सकाळी लिहिली गेली! किती आतून आणला असेल त्याने तो काळोख.

क्रियापद जन्मलं ते मात्र गैरसमजातून. ‘डार्कलिंग’चा शेवटचा तुकडा म्हणजे अवस्था सांगणारा जुना प्रत्यय, पुढच्या पिढ्यांच्या कानांना तो चालू क्रियेचा वाटला, आणि 19व्या शतकाच्या सुमारास त्यांनी त्यातून मुळात नसलेलं क्रियापद काढून घेतलं. ‘ग्रॉव्हल’ आणि ‘सायडल’ ही त्याची अशीच जन्मलेली भावंडं. बायरनने ‘डॉन जुआन’मध्ये ‘डार्कल’चं यमक ‘स्पार्कल’शी जुळवलं आहे: संतापलेल्या सुलतानेचे डोळे लकाकतात आणि तिच्या कपाळावरच्या निळ्या शिरा गडद होत जातात.

जुन्या शब्दात अंधार आधीच पडलेला असे, आणि माणूस त्यात उभा. नव्या शब्दात तो पावलापावलाने येऊ लागला. असं चुकीचं ऐकणाऱ्या त्या अनाम कानांवर माझा फार जीव आहे.