पेठेची टीम

मी वाशिमचा. आमच्याकडे मैदान म्हणजे क्रिकेट. फुटबॉल टीव्हीवर, आणि मँचेस्टर युनायटेड 'आपलं'! पुण्यात ऑफिसमधला कोल्हापूरचा मित्र मात्र म्हणतो, "आमचं पीटीएम." म्हणजे पाटाकडील तालीम मंडळ. तालीम? कुस्तीची? होय! खंडोबा, दिलबहार, पाटाकडील... कोल्हापुरात तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. लाल मातीतली ईर्षा चेंडूवर आली. शाहू स्टेडियमवर पेठाच एकमेकींना भिडतात. कधी हाणामारीही होते, त्याचं कौतुक नको. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील वर्ल्डकपला भारताकडून खेळला. पीटीएमची मॅच असली की मित्राची रजा पक्की. बॉस चिडतो. मला हेवा वाटतो. वाशिमच्या कुठल्या गल्लीसाठी मी रजा टाकू?