हिरवा कागद, पिवळा कागद

वर्तमानपत्र कशावर जगते? वाचकांवर, असे उत्तर आपण चटकन देऊन मोकळे होतो. एका फ्रेंच क्रीडा-दैनिकाची हकिगत वाचनात आल्यापासून मला ते उत्तर अपुरे वाटू लागले आहे.

आधुनिक युरोपच्या इतिहासात ड्रेफस प्रकरण येते. १८९४ साली या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली आणि पुढे सारा फ्रान्स दुभंगला. या भांडणाची झळ सायकलच्या शर्यतींच्या बातम्या देणाऱ्या पत्रालाही लागली, हे मात्र आपल्या क्रमिक पुस्तकात नाही.

पत्राचे नाव ‘ल व्हेलो’, म्हणजे सायकल. १८९२ साली ते निघाले. हिरव्या कागदावर छापत. तो काळ सायकलच्या वेडाचा; खप सुमारे ८०,००० वर गेला. १८९६ ची पहिली पॅरिस-रूबे शर्यत याच पत्राच्या पाठबळावर झाली. संपादक पिएर जिफार. ड्रेफस निर्दोष आहे, असे त्याचे मत होते आणि ते त्याने झाकून ठेवले नाही. मोटारींचे कारखानदार काउंट द दियाँ हे पत्राचे मोठे जाहिरातदार. ते पडले विरुद्ध पक्षाचे. जून १८९९ मध्ये ओतॉयच्या घोड्यांच्या शर्यतीत राष्ट्राध्यक्ष लूबे यांच्यावर हल्ला झाला. त्या दंगलीपायी द दियाँ यांना तुरुंगवास घडला. जिफारने त्यांच्यावर टीका केली. झाले! कारखानदारांनी जाहिराती काढून घेतल्या आणि ऑक्टोबर १९०० मध्ये स्वतःचे दैनिक काढले, ‘लोतो-व्हेलो’. कागद पिवळा!

नावावरून जिफार कोर्टात गेला आणि जिंकला. जानेवारी १९०३ मध्ये प्रतिस्पर्ध्याला ‘व्हेलो’ गाळून नुसते ‘लोतो’ राहावे लागले. पण आता सायकलचे वाचक टिकवायचे कसे? तेथील एका तरुण बातमीदाराने फ्रान्सभोवतीच्या शर्यतीची कल्पना काढली. जुलै १९०३ मध्ये पहिली ‘टूर द फ्रान्स’ झाली. ६० जण निघाले, २१ पोहोचले. पुढे काय झाले हे जाणण्यासाठी लोक पिवळा कागद घेऊ लागले. खप सुमारे २५,००० वरून ६५,००० वर गेला. १९०४ साली ‘ल व्हेलो’ बंद पडले.

माझे वडील हातगाडीवर रद्दी गोळा करतात. त्यांच्या तराजूत सारी पत्रे एकाच भावाची. त्यांना वाचता येत नाही. मला वाचनाची गोडी लागली ती त्याच गठ्ठ्यांतून. ही हकिगत मी त्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “मग त्या संपादकाचं काय झालं?”

सांगणे जड गेले. जिफार पुढे ‘लोतो’तच लिहू लागला.

“पोट हाय ना त्याला,” वडील म्हणाले. “पर पयलं लिवलेलं खोटं हुतं का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

मला पुढे वर्तमानपत्रात काम करायचे आहे. जिफार हरला, असेच मी धरून चाललो होतो. आता तसे म्हणवत नाही. पिवळा कागदही कायमचा राहिला नाही. जर्मन अंमलात निघत राहिल्यामुळे १९४४ मध्ये तो बंद झाला. आणि ड्रेफस? १९०६ साली वरिष्ठ न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. ती बातमी छापायला ‘ल व्हेलो’ उरले नव्हते. पण ती खरी होती, हे जिफारने कितीतरी आधीच सांगून ठेवले होते.