अंधेरीतला ११७ व्या मिनिटाचा गोल

बेळगावच्या माणसाला फुटबॉलमध्ये आपला संघ कोणता, हे ठरवणं सोपं नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला मडगाव. बेंगळूर मात्र पाचशेक किलोमीटर, म्हणजे रात्रभराची बस. आणि मुंबईही जवळपास तेवढीच लांब. आमच्या घरात तर ही ओढाताण रोजचीच. मावशी मडगावला, सौ.चं माहेर धारवाडचं आणि मुलगा शिकायला गेला तो बेंगळूरला. मावशीकडे एफसी गोवाचा नारिंगी रंग, मुलाच्या अंगात बेंगळूर एफसीची निळी जर्सी. मी मुलाच्या बाजूला झुकलो, हे मावशीने अजून पुरतं माफ केलेलं नाही!

बेंगळूर एफसी हा २०१३ साली निघालेला संघ. पहिल्याच हंगामात त्याने आय-लीग जिंकली आणि तीही कुठे, तर फातोर्ड्याला, एप्रिल २०१४ मध्ये धेंपो संघाला ४-२ असं हरवून. म्हणजे मावशीच्या अंगणातच! २०१७ मध्ये तो आयएसएलमध्ये आला. १७ मार्च २०१८ रोजी बेंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर अंतिम सामना झाला, तेव्हा मुलाने मला हट्टाने नेलं. कर्णधार सुनील छेत्रीने नवव्याच मिनिटाला गोल केला आणि आमच्या ‘वेस्ट ब्लॉक’मधली पोरं नाचायला लागली. पण चेन्नईयिनच्या मेल्सन आल्वेसने कॉर्नरवर डोक्याने दोन गोल केले आणि आम्ही ३-२ असे हरलो. त्या रात्री बसमध्ये आम्ही बापलेक एक शब्द बोललो नाही.

बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९ ला, बेंगळूर पुन्हा अंतिम सामन्यात. समोर कोण? एफसी गोवा! आणि सामना मुंबईत, अंधेरीला. साखळीत दोघांचे गुण सारखेच, ३४. बेंगळूर पहिल्या स्थानावर, गोवा दुसऱ्या. मावशीने फोनवर बजावलं, “ये मुंबईला जाऊन, पण रडत परत जाऊ नकोस हो!”

शनिवारी रात्री बेळगावहून निघालो. निपाणी, कोल्हापूर, सातारा झोपेतच गेलं. मुलगा बेंगळूरहून परस्पर आला. रविवारी संध्याकाळी अंधेरीहून मेट्रोने आझादनगर स्टेशनला उतरलो की क्रीडा संकुल समोरच. नाव शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. शहाजीराजांची जहागीर बेंगळूरला होती, हे आपल्या भागात पोरासोरांनाही माहीत. मी मुलाला म्हटलं, “बघ, मैदानसुद्धा आपलंच आहे.”

कंठीरवात प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे खेळाडू लांब वाटतात. अंधेरीचं मैदान छोटं, सात-आठ हजार माणसांचं. खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाकाही ऐकू येतात. आजूबाजूला कन्नड, कोकणी, मराठी, हिंदी असा बाजार भरलेला. आमच्या शेजारच्या खुर्च्यांवर म्हापशाचं एक कुटुंब होतं. नवरा, बायको आणि दहा-बारा वर्षांची मुलगी, तिघं नारिंगी कपड्यांत. सामना सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या डब्यातली नेवऱ्या आमच्या हातात आणि आमचा कुंदा त्यांच्या हातात पडला.

साडेसातला सामना सुरू झाला. गोव्याचा कोरो म्हणजे त्या हंगामात १६ गोल केलेला माणूस. त्याच्याकडे चेंडू गेला की माझ्या पोटात गोळा यायचा. पहिला अर्धा भाग संपत आला असताना शेजारच्या गृहस्थांनी खिशातला फोन काढला, बघितला आणि तसाच हातात धरून ठेवला. बायकोने विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “भाई गेले.”

मनोहर पर्रीकर. गोव्याचे मुख्यमंत्री. आजारी होते हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. तरी बातमी ती बातमीच. आणि हे तर त्यांच्याच म्हापशाचे. पुढच्या-मागच्या रांगांतल्या गोव्याच्या माणसांचे फोनही एकेक करून उजळायला लागले. कोणी उठून गेलं, कोणी तसंच बसून राहिलं. त्या मुलीने हातातला स्कार्फ मांडीवर घडी करून ठेवला. मी विचारलं, “निघणार का?” ते म्हणाले, “पोरांनी एवढं खेळलंय, त्यांना टाकून कसं जायचं?”

नव्वद मिनिटं संपली, ०-०. जादा वेळेचा पहिला भाग संपता संपता गोव्याच्या अहमद जाहूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि ते दहाजण उरले. पेनल्टीवर जाणार असं वाटत असतानाच ११७ व्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला. डिमासने चेंडू उचलून टाकला आणि राहुल भेकेने डोक्याने तो जाळ्यात घातला. मुंबईचा मराठी मुलगा, बेंगळूरच्या जर्सीत, मुंबईतल्या मैदानावर, गोव्याविरुद्ध! गेल्या वर्षी ज्या कॉर्नरने रडवलं, त्याच कॉर्नरने हसवलं.

मुलगा खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. मीही उठलो. घशापर्यंत आरोळी आली होती, पण शेजारी मांडीवर घडी केलेला तो स्कार्फ दिसला आणि मी नुसत्याच टाळ्या वाजवल्या. शिट्टी झाली तेव्हा त्या गृहस्थांनी आपणहून हात पुढे केला. “अभिनंदन. तुमचा भेके भारी उडाला.” मला ‘थँक्यू’ म्हणावं की आणखी काही, सुचेना. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. आयएसएलमध्ये साखळीत पहिला आलेला संघ विजेता होण्याची ती पहिलीच वेळ, हे मुलगा वाटेत सांगत होता. धारवाडहून सौ.चा फोन आला, “गेद्रेन्री?” मी म्हटलं, “गेद्देवु.” पण आवाज काही चढला नाही.

दुसऱ्या दिवशी पणजीला मिरामारवर पर्रीकरांचे अंत्यसंस्कार झाले. मी मावशीला फोन केला. सामन्याचा विषय तिनेही काढला नाही, मीही नाही.

लोक विचारतात, तुम्ही मराठी माणसं, मग बेंगळूरच्या संघासाठी कसे ओरडता? त्यांना मी दोन नावं सांगतो. एक भेके. दुसरं लक्ष्मीकांत कट्टीमनी. आडनाव आपल्या कानडी मुलखातलं, पण पोरगा गोव्याचा आणि बरीच वर्षं एफसी गोवाचा गोलरक्षक. पुढे २०२२ मध्ये फातोर्ड्यालाच झालेल्या अंतिम सामन्यात त्याने पेनल्टी अडवून हैदराबादला विजेतेपद मिळवून दिलं. खेळाडू असे गावं ओलांडत असतात, मग प्रेक्षकाने एकाच कुंपणात का बसावं?

अंधेरीच्या सामन्याला महिनाही झाला नव्हता. १३ एप्रिल २०१९ ला भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात गोव्याने चेन्नईयिनला २-१ असं हरवलं. तोही एका गोलाचाच विजय. ज्या चेन्नईयिनने आम्हाला कंठीरवात रडवलं, त्यांनाच! शेवटची शिट्टी झाल्याबरोबर मी मडगावला फोन लावला आणि अंधेरीत घशात अडकलेली आरोळी त्या दिवशी मावशीच्या कानात ठोकली. ती म्हणाली, “मेल्या, कान फुटला की रे माझा!” आणि मनापासून हसली.