भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर एका आवाजाचा माग

मोटारीतून येणाऱ्या अनोळखी आवाजाचे निदान करताना ‘काय बिघडले’ हा प्रश्न आधी विचारला, तर उत्तर बहुधा चुकते. त्याऐवजी ‘आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो’ हे निश्चित केले, तर संशयित भागांची यादी आपोआप आखूड होत जाते. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर जो आवाज चढतो तो सामान्यतः इंजिनाचा किंवा त्यावर फिरणाऱ्या पट्ट्याचा असतो. जो इंजिनाची पर्वा न करता गाडीच्या वेगाबरोबर वाढतो तो बहुतांशी टायरचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा असतो. आणि जो केवळ खड्ड्यात उमटतो तो सस्पेन्शनचा, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंग, शॉकअप, रबरी बुश आणि लिंक रॉड यांच्या संचाचा मानावा.

भोर आणि वेल्हे (शासनदरबारी आता राजगड) हे तालुके अशा परीक्षेला फार सोयीचे आहेत, ही गोष्ट तेथील रहिवाशांना गौरवाची वाटेलच असे नाही. नसरापूर-कापूरहोळ भागात महामार्गाचा सलग वेग मिळतो, पाबे घाटात स्टेअरिंग पुरते वळवावे लागते, आणि आतल्या गावांकडे वळताच खड्डे, खडी व चिखल सस्पेन्शनची झडती घेतात. शिवाय येथील पाऊस असा की मोरीवरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढण्याचा प्रसंग चुकत नाही.

अशाच एका पावसाळ्याच्या अखेरीस प्रस्तुत लेखकाच्या जुन्या मोटारीत, ताशी ४० किलोमीटरच्या पुढे, लांबून जाते फिरावे तशी एक घूं घूं सुरू झाली. मोटारीच्या पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ मिळत असे. एका कारागिराने गाडी न चालवताच टायर कापले गेल्याचे, म्हणजे त्यांची झीज वेडीवाकडी झाल्याचे सांगून चारही बदलण्याचा सल्ला दिला. हा तर्क अगदीच निराधार नव्हता, कारण असे टायर नेमका याच जातीचा आवाज करतात. परंतु टायरचा आवाज डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर येताच आपला सूर बदलतो, आणि ही घूं घूं दोन्हीकडे सारखीच राहिली. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून पाहिल्यावरही ती पुढेच ऐकू आली, तेव्हा चार टायरांचा खर्च टळला. धावत्या गाडीत क्लच दाबून इंजिन मंद केले तरी आवाज कायम राहिला आणि इंजिनही संशयातून सुटले.

पाबे घाटात आणखी एक शक्यता निकालात निघाली. सीव्ही जॉइंट हा चाक वळलेले असतानाही त्याला सम गती पोहोचवणारा सांधा असतो. त्याचे रबरी बूट फाटून ग्रीस निघून गेले आणि आतल्या खाचा झिजल्या की तीव्र वळणावर कट कट असा आवाज येतो. घाटात तसे काहीच ऐकू आले नाही. उलट कापूरहोळ ते भोर या रस्त्याच्या सौम्य वळणांवर, ताशी ५० च्या आसपास, निर्णायक खूण सापडली: गाडी डावीकडे वळताना आवाज ठळक होई आणि उजवीकडे वळताना विरत जाई. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर पडतो, म्हणून दोष उजव्या बेअरिंगचा ठरला. चालकाला मात्र आवाज डावीकडून येतो असे शपथेवर सांगता आले असते. पोलादातून ध्वनी हवेपेक्षा सुमारे पंधरा पट वेगाने जातो आणि गाडीच्या सांगाड्यातून भलतीकडेच बाहेर पडतो, त्यामुळे अशा बाबतीत कानाच्या साक्षीवर सरसकट विसंबणे धोक्याचे असते.

गॅरेजमध्ये चाक जॅकवर उचलून मिस्त्रींनी एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवले. उजव्या स्प्रिंगला रवाळ कंप जाणवत होता, डावी गुळगुळीत होती. ‘बेअरिंग गेलंय,’ एवढेच ते म्हणाले. प्रेसवर दाबून काढलेल्या बेअरिंगच्या कड्यावर, जेथे पोलादी गोळ्या धावतात तेथे, बारीक खड्डे पडले होते. सीलच्या आत पाणी व गाळ शिरून ग्रीस धुऊन गेल्याचे ते लक्षण होते. या प्रकारचे बंद बेअरिंग उघडून पुन्हा ग्रीस भरण्यासारखे नसते, ते बदलावेच लागते. आणि रेडिओचा आवाज वाढवून तसेच चालवत राहण्याचा लोकप्रिय उपाय अंगाशी येतो, कारण अशा बेअरिंगमुळे चाकात ढिलेपणा येऊन ते अखेर जाम होऊ किंवा निखळू शकते.

दुरुस्तीनंतर घूं घूं थांबली आणि तिच्याआड दडलेली एक बारीक टिक टिक ऐकू येऊ लागली. ताशी १८ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाला, ती सेकंदातून अडीच वेळा येत होती. चाकाचा परीघ सुमारे २ मीटर असल्याने तो हिशोब चाकाच्या प्रत्येक फेरीला एक टिक असा जुळला. डाव्या टायरच्या खाचेत एक खडा रुतला होता, तो पेचकसाने काढला.