गाडीवर मेणाचा फवारा : अर्ध्या बॉनेटची चाचणी



नारळी पौर्णिमा होऊन गेली तरी वारा पडलेला नाही. फळगळीची दुसरी फवारणी दोन दिवस अडकून बसलीय. हात रिकामे आहेत तर बरेच दिवस राहून गेलेलं लिहून टाकतो. विषय चिकूचा नाही, गाडीचा आहे. पण ज्याच्या दारात हप्त्याची पिकअप उभी आहे त्याला गाडी म्हणजे पण एक पीकच. निगा चुकली की नुकसान आहेच.

दोन वर्षांपूर्वी जुनी पिकअप विकायला काढली. आमच्या पोराने ती चकाचक ठेवली होती. मेणाचा फवारा येतो ना बाटलीत, ती बाटली आणायचा आणि दर रविवारी मारून फडक्याने पुसायचा. गाडीत तोंड दिसायचं. तलासरीकडचा एक गिऱ्हाईक आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, मग खाली बसला आणि दाराच्या खालच्या कडेला रबराखाली अंगठा दाबला. रंगाचा पापुद्रा पापडासारखा मोडला आणि अंगठा आत गेला. म्हणाला, "काका, वरून नवरी आहे, पण खालून गेलीय."

बोललेल्या किमतीतून चाळीस हजार तिथंच कमी झाले. ते पैसे नव्या गाडीच्या डाऊन पेमेंटमध्ये धरलेले होते. शेवटी मंडळींच्या पाटल्या बँकेत ठेवाव्या लागल्या. आणि मी त्या गिऱ्हाइकासमोर पोराला बोललो, "मेण फासत बसलास, त्यापेक्षा खाली वाकून बघितलं असतंस तर!" पोरगा काही बोलला नाही. दोन दिवस जेवायला पण माझ्याबरोबर बसला नाही.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, चूक त्याची कमी आणि माझी जास्त. ते पुढे सांगतो.

नवी गाडी आली तेव्हा प्रश्न तोच, हे मेण मारायचं की बंद करायचं? पोरगा म्हणाला, "बाबा, तुम्ही नवीन औषध आलं की आधी चार झाडांवर मारून बघता ना, मग हे पण बघू." बरोबर बोलला. मग गेल्या वर्षी मे महिन्यात बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावून दोन भाग केले. ड्रायव्हरच्या बाजूला मेणाचा फवारा, दुसरी बाजू कोरी. टपावर एका कोपऱ्यात डब्यातलं घट्ट मेण हाताने चोळलं. फवारणीच्या वहीतच नोंदी ठेवल्या.

पहिल्या आठवड्यात पाणी टाकलं की फवाऱ्याच्या बाजूला अळवाच्या पानावर पडतात तसे मोती व्हायचे. कोऱ्या बाजूला पाणी पसरायचं. बघायला छान वाटतं. पण आपण शेतकरी आहोत, पाण्याचा मोती बघून आपण फसायला नको. पानावर मेणाचा थर असतो म्हणून तर औषध घसरतं आणि आपल्याला टाकीत स्टिकर घालावं लागतं. मोती झाला याचा अर्थ पृष्ठभाग पाणी धरत नाही, एवढाच.

मग चिकाची परीक्षा. कच्चा चिकू तोडून देठाचा चीक दोन्ही बाजूंना लावला आणि एक दिवस उन्हात वाळू दिला. मेणाच्या बाजूचा ओल्या फडक्याने सोलून आला. कोऱ्या बाजूचा काढायला रॉकेल लागलं आणि डाग राहिला तो राहिलाच. वटवाघळांची परीक्षा मुद्दाम घ्यावी लागली नाही. गाडी वाडीत झाडाखाली उभी असते, पिकलेला चिकू खाऊन रात्री ती आपलं काम करून जातात. सकाळी लगेच पुसलं तर मेणाच्या बाजूला काही उरत नव्हतं, कोऱ्या बाजूला पुसट वण दिसायचा. पण दोन दिवस तसंच उन्हात राहिलं तर मेणाच्या बाजूला पण वण पडला.

आता खारं वारं. आमची वाडी समुद्रापासून लांब नाही. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपलेल्या तुम्ही पण बघितल्या असतील. तर वारा सुटलेल्या एका संध्याकाळी मी दोन स्वच्छ ओली फडकी घेतली, बॉनेटच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या पुसल्या आणि फडकं जिभेला लावलं. दोन्ही खारट! घरात सगळे हसले, पण मला उत्तर मिळालं. मेण मीठ बसू देत नाही असं नाही. मीठ बसतंच, फक्त धुताना लवकर सुटतं.

आणि टिकलं किती? पावसाळा सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत दोन्ही बाजू सारख्या झाल्या. त्यात दोनदा घरातल्या कपड्यांच्या पावडरने गाडी धुतली गेली, ती पावडर मेण काढून टाकते. डब्यातलं चोळलेलं मेण अडीच महिने दिसत होतं. पण टपभर ते चोळायचं म्हणजे दंड भरून येतात. म्हणून लोक फवारा घेतात, त्यांची पण चूक नाही.

हे मेण असतं काय, ते पण सांगतो. चांगल्या बाटलीत कार्नौबा नावाचं मेण असतं. ब्राझीलमध्ये ताडासारखं झाड असतं, त्याच्या पानांवर हे साचतं. पानं तोडून वाळवतात आणि झोडपून पूड काढतात. कडक मेण आहे, ८२ ते ८६ अंशांना वितळतं. फळांवर मारायला आपल्या देशात परवानगी असलेल्या मेणांमध्ये पण हेच आहे, बाजारातलं सफरचंद चमकतं ते अशामुळेच. (चिकूला कोणी चमक आणू नये, त्याचा मातकट रंगच बरा.) बाटलीत मात्र मेण थोडं, पाणी जास्त आणि बरोबर सिलिकॉन किंवा पॉलिमर. पुसल्यावर जो थर राहतो तो एका मायक्रॉनपेक्षा पण पातळ. गाडीचा सगळा रंग मिळून साधारण शंभर मायक्रॉन, त्यात वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास. म्हणजे ज्या थराला राखायचं तो आपल्या मेणापेक्षा कितीतरी जाड. खडा उडाला, काटेरी फांदी घासली, तर मेण काय करणार?

पूर्वी गोष्ट वेगळी होती. जुन्या गाड्यांना एकच रंगाचा थर असायचा. उन्हाने त्याची पांढरी पूड व्हायची, हात लावला की बोटाला रंग यायचा. तेव्हा मेणाशिवाय चमक टिकत नसे. आता वरच्या पारदर्शक थरातच उन्हापासून बचावाचा मसाला कंपनीतून घातलेला येतो. म्हणून आजच्या गाडीला मेणाची गरज कमी झालीय, संपलेली नाही.

आता जुनं दार का कुजलं ते सांगतो. नंतर आम्ही त्याच गॅरेजवाल्याकडे नव्या गाडीची दारं खालून बघितली. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात. काचेवरून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. जुन्या गाडीत माती आणि चिकूचा पाला जाऊन ती भोकं बंद झालेली असणार. खारं पाणी आत साचलं आणि पत्रा आतून खात गेला. आम्ही बाहेरून मेण मारतोय आणि रोग आत! साल खाणारी अळी खोडात बसलीय आणि आपण पानावर औषध मारतोय, त्यातला प्रकार.

दुसरं कारण मी स्वतः. बोर्डो मिश्रणाचा ड्रम वर्षानुवर्षं मी त्याच हौद्यात ठेवून वाडीभर फिरवला. मोरचूद लोखंडाच्या भांड्यात भिजवायचं नाही हे मला शाळेतल्या पोराइतकं माहीत आहे. मिश्रण तयार झालं की घासलेला विळा बुडवून बघतो, तांबूस झाला तर चुना कमी पडला. म्हणजे तांबं लोखंडाला काय करतं ते मी दर वर्षी डोळ्यांनी बघतो. आणि तेच मोरचुदाचं पाणी ड्रम भरताना दाराच्या कडेवर, हौद्याच्या सांध्यांत सांडत होतं, तिकडे कधी लक्ष दिलं नाही. वर गाडी धुवायला बोअरचं पाणी, ते उन्हाळ्यात मचूळ होतं. मेणावर त्या पाण्याचे मोती वाळले की पांढरी कडी पडतात, मग पोरगा ती घालवायला आणखी मेण मारायचा.

हे सगळं मी त्याला सांगितलं. चूक माझी होती, हे पण सांगितलं. तो म्हणाला, "मग तेव्हा का ओरडलात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आम्ही असं करतो. पावसाळ्याआधी एकदा गॅरेजमध्ये दारांच्या पोकळीत आणि चासीच्या आत गंजरोधक मेण मारून घेतो. हे बाटलीतल्या चमकीच्या मेणाहून वेगळं, चिकट आणि पिवळसर असतं. लांब नळीने आत सोडतात, बाहेरून काही दिसत नाही. भोकं सायकलच्या तारेने मोकळी करून मगच मारायचं आणि मारून झाल्यावर परत एकदा तार घालायची, नाहीतर मेणानेच भोक बंद होतं. काही जण चासीला जळकं ऑईल आणि डिझेल मारतात. मी पण मारायचो. ते ठिबकून शेवटी आपल्याच मातीत जातं आणि रबराची बुशं फुगतात, म्हणून सोडलं.

गाडीखाली गोड्या पाण्याचा पाईप आठवड्यातून एकदा, वारा असेल तेव्हा दोनदा. धुतल्यावर कोरडं पुसायचं. हायवेवर खडी उडून रंगाचा टवका गेला तर त्याच आठवड्यात तिथं रंगाचा ठिपका. ड्रमखाली जुनी ताडपत्री, आणि मोरचूद सांडलं की लगेच पाणी.

फवारा बंद केलेला नाही. ऑक्टोबरपासून तोड जोरात असते, बेडणी आणि क्रेट चढवता-उतरवता बॉनेटवर, दारावर चीक लागतोच. तेवढे महिने तीन आठवड्यांनी एकदा मारतो. पावसाळ्यात मारत नाही, पैसे वाहून जातात. तलासरीच्या आतल्या बाजूला खारं वारं एवढं नाही, तिथल्या भावांना गाडी सावलीत आणि वटवाघळांपासून लांब उभी करता आली तर बाटली घ्यायची पण गरज नाही असं मला वाटतं.

ट्रॅक्टरची गोष्ट राहिलीच. आमचा जुना लाल ट्रॅक्टर उन्हाने गुलाबी झालाय, एकेरी रंगाचा आहे. त्याच्या एका मडगार्डला पोराने परवा डब्यातलं मेण चोळलं आणि दुसरं तसंच ठेवलं. चोळलेलं मडगार्ड पुन्हा लाल दिसायला लागलंय. किती दिवस राहतं ते वहीत लिहितोय. पाटल्या मार्चमध्ये सुटल्या, हे पण त्याच वहीत आहे.

वारा आता थोडा कमी झाल्यासारखा वाटतोय. उद्या सकाळी शेंडे हलले नाहीत तर चुना भिजवतो.