कायद्याला अनडू नसतं

वकिलीच्या विद्यार्थ्यांबद्दलचं आपलं मत बहुतेक सिनेमातून बनलेलं असतं. काळा कोट, टेबलावर आपटलेला हात, आणि तारखांवर तारखा. माझं मत एका पत्राने बदललं.

4 ऑक्टोबर 2019. मुंबई उच्च न्यायालयाने आरेतल्या झाडांच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो-3 च्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. सुप्रीम कोर्टाला दसऱ्याची सुट्टी. तेव्हा कायद्याच्या एका विद्यार्थ्याने थेट सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. कोर्टाने पत्रालाच जनहित याचिका मानलं, 7 तारखेला भर सुट्टीत खंडपीठ बसलं आणि तोड थांबवली. तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती!

आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रॉडक्शनवर काही उडालं की आधी बॅकअप शोधतो. इथे बॅकअप नाही, अनडू नाही. पुढे 2020 मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, 2022 मध्ये परत आरेत आलं. ऑक्टोबर 2024 पासून आरे-बीकेसी मेट्रो धावतेय. मी त्याच मेट्रोने ऑफिसला जातो आणि खरं सांगायचं तर लोंबकळत जाण्यापेक्षा ती बरीच वाटते. म्हणजे पोरं हरली का? असो, त्याकडे वळतोच.

मध्यंतरी आमच्या सोसायटीत लॉ कॉलेजची दोन मुलं 'बिबट्या आणि आपण' यावर बोलायला आली होती. आम्ही आरेच्या कडेलाच राहतो, त्यामुळे हॉल भरला. सेक्रेटरी काकांनी पहिलाच बाउन्सर टाकला, "ते सगळं ठीक आहे हो, पण पिंजरा कधी लावताय?"

यात हसण्यासारखं काही नव्हतं. 2022 च्या दिवाळीत आरेत बिबट्याने एका चिमुरडीचा जीव घेतला होता. समोर बसलेल्या आयांच्या डोक्यात तेच होतं.

मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, 1972 च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो, तोही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला असेल किंवा बरा न होण्याइतका आजारी असेल तरच."

"म्हणजे आम्ही मरायचं?"

"नाही काका. पण दिसला की पकडा, लांब सोडा, हे जुन्नरला करून झालंय. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं की त्यानंतर हल्ले वाढले. सोडलेला बिबट्या अनोळखी जागी बिथरतो, आणि इथली रिकामी जागा दुसरा घेतो."

मग मुलाने खिडकीतून आमचीच कचराकुंडी दाखवली. उघडा कचरा, त्यावर कुत्री, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. आरेतले वारली पिढ्यानपिढ्या वाघोबाला देव मानतात आणि अंधारात पोरांना एकटं सोडत नाहीत. आम्ही मात्र पंधराव्या मजल्यावरून खाली पिशव्या ठेवून मोकळे.

झाडांच्या बाबतीत कायदा तीन दिवस उशिरा पोचला. इथे तो हल्ल्याच्या आधी, आमच्या हॉलमध्ये, दोन विशीतल्या पोरांच्या तोंडून पोचला. म्हणून ती हरली असं मला वाटत नाही.

सध्या कुंडीला झाकण आलंय, मागच्या वाटेवर दिवा लागलाय, आणि लिफ्टमध्ये वनखात्याचा 1926 हा नंबर चिकटवलाय. काका अजून पिंजरा म्हणतातच. पण झाकण नीट लावलंय की नाही, ते रोज रात्री तेच बघतात. तुमच्या सोसायटीची कुंडी कशी आहे?