छतावरील डाग

वर्गांतील मुलें आम्हांस पुष्कळदां विचारतात, "सर, विलायतेंत आपण काय काय पाहिलें?" किल्ला पाहिला, संग्रहालयें पाहिलीं, एवढें सांगितलें म्हणजे त्यांचें समाधान होतें. परंतु तेथील आठवण निघतांच आमच्या डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो एका शेजाऱ्याच्या छतावरील पिवळा डाग. त्याची हकीकत आजवर आम्हीं कोणास सांगितलेली नाहीं.

२०११ सालच्या सप्टेंबरांत अध्यापनशास्त्राच्या अभ्यासाकरितां आम्ही वर्षभरासाठीं स्कॉटलंडच्या राजधानींत, एडिंबरो येथें, गेलों. राहण्याची व्यवस्था मार्चमंट भागांतील एका कुटुंबांत झाली होती. तिकडील वालुकाश्माच्या उंच इमारती बहुतेक व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या. रस्त्यावरील दारांतून आंत शिरलें कीं दगडी जिना वळत वळत वर जातो, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडें लागतात, आणि माथ्यावरील कांचेंतून उजेड खालीं येतो. पत्त्यांत 'टू एफ वन' अशीं अक्षरें होतीं. दुसऱ्या मजल्यावरील पहिलें दार, असा त्यांचा अर्थ. तो उमगेपर्यंत आम्ही सामानासह थेट वरच्या टोकापर्यंत जाऊन आलों होतों.

घरांत साठी उलटलेले पति-पत्नी दोघेंच. त्यांनीं आम्हांस नुसत्या नांवानें हाक मारावयास सांगितलें. वडीलधाऱ्यांस तशी हाक मारणें आमच्या जिभेस जमेना. तेव्हां काका आणि काकू हे दोन शब्द आम्हीं त्यांस शिकविले, व ते त्यांस फार आवडले. पहिल्याच दिवशीं काकू म्हणाल्या, "साडेपांचाला चहा." चहापूर्वीं पोटांत कांहीं असावें म्हणून आम्ही बाहेर जाऊन भरपेट खाऊन आलों. पाहतों तों टेबलावर मासे, बटाटे आणि वाटाणे! स्कॉटलंडांत पुष्कळ घरीं संध्याकाळच्या जेवणासच चहा म्हणतात. त्या रात्रीं आम्हांस झोंप कशी लागली तें विचारूं नये.

दुसरें नवल जिन्याचें. तो सर्वांचा, म्हणून धुण्याची पाळीही सर्वांची. ज्यांची पाळी त्यांच्या दाराच्या मुठीस एक पाटी लटके. काम झालें कीं ती शेजारच्या दारीं जाई. आमच्या दारीं पाटी आली त्या आठवड्यांत काका, जन्मभर बँकेंत अधिकारी असलेले गृहस्थ, गुडघ्यांवर बसून पायऱ्या घाशीत होते. मुंबईच्या चाळींतही जिना सामायिकच असतो, पण तो आम्हीं कधीं धुतल्याचें स्मरत नाहीं. आम्हीं ब्रश मागितला. काकांनीं आढेवेढे न घेतां दिला. पाहुणेपणाचा संकोच त्या दिवशीं गेला, आणि त्याबरोबर थोडी सावधगिरीही गेली असावी.

कारण न्हाणीघरांत मोरी नव्हती, हें आम्ही पाहूनही विसरलों. जमिनीवर लिनोलियम, त्याखालीं लांकडी फळ्या; पाणी जावयाची वाट एकट्या टबाच्या तळाशीं. साबणाच्या पाण्यांत स्वतःस भिजत ठेवणें आम्हांस पटेना. आम्ही टबांत उभे राहून मगामागून मग डोक्यावर ओतीत असूं. बाहेर उडालेलें पाणी कोठें तरी निघून जाईलच, हा आमचा लहानपणापासूनचा विश्वास.

तें गेलेंही. नोव्हेंबरांत एका संध्याकाळीं खालच्या मजल्यावरील वृद्ध गृहस्थ वर आले. त्यांच्या छतावर डाग पडला होता. काकूंनीं क्षमा मागितली आणि आमचाच नळ गळत असावा, असें सांगितलें. आम्ही आपल्या खोलींत होतों. सर्व ऐकलें, कारणही त्याच क्षणीं समजलें, आणि आम्ही बाहेर आलों नाहीं. दुसऱ्या दिवशीं प्लंबर आला, टबाची बाजू उघडून पाहिली, कांहीं सांपडलें नाहीं; मजुरी घेऊन गेला. आम्ही तेव्हांही गप्प होतों. घर सोडावें लागेल कीं काय, ही भीति होती. परंतु काकूंनीं आपल्यावर घेतलेला दोष रोज त्यांच्याच टेबलावर बसून गिळणें त्याहून जड जाऊं लागलें.

एडिंबरोच्या किल्ल्यावरून १८६१ पासून, रविवार व कांहीं सण वगळून, दुपारीं एक वाजतां तोफ उडते. पूर्वीं बंदरांतील जहाजें तीवर आपलीं घड्याळें लावीत. त्या शनिवारीं जेवतांना ती उडाली आणि आम्हीं एकदम सर्व सांगून टाकलें. काकू कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "हें परवांच सांगितलें असतेंस, तर प्लंबरचे पैसे वांचले असते. खालीं मात्र तूंच जाऊन सांग." ते पैसे आम्हीं देऊं केले. त्यांनीं घेतले, आणि घेतले याचें आम्हांस बरें वाटलें.

डाग परातीएवढा होता. वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस तो पुरता वाळूं द्यावयास लाविलें. मग शिडीवर चढून आम्हीं पांढरा रंग दिला. दुसऱ्या दिवशीं डाग त्यांतून पुनः वर आला. ते हंसले. पाण्याचा डाग साध्या रंगाखालीं राहत नाहीं, आधीं तेलाच्या रंगाचा एक हात लागतो, हें त्यांनीं तेव्हां सांगितलें; आधीं कां सांगितलें नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. काम संपलें तेव्हां तेवढा तुकडा बाकीच्या छताहून पांढरा दिसूं लागला. सगळें छत रंगवून देतों म्हटलें, तर त्यांनीं नको म्हटलें, आणि दुसऱ्या दिवशीं चहास बोलाविलें. या खेपेस आम्ही शहाणे होऊन दुपारपासून उपाशी राहून गेलों.

तो नुसता चहाच निघाला.